पहिल्यांदाच घर भाड्याने देताना

आपल्या संस्थेच्या सभासदांत सध्या एक नवाच प्रश्न वारंवार निघतो. मुले बंगळूरला किंवा परदेशी स्थिरावली, आपण दोघे एखाद्या लिफ्ट असलेल्या इमारतीतील सदनिकेत राहावयास आलो, आणि तीस-चाळीस वर्षे जेथे संसार व दवाखाना दोन्ही थाटले ते जुने घर कुलूपबंद पडले आहे. विकावेसे वाटत नाही आणि भाड्याने द्यावयाची भीती वाटते. माझेही घर २०१९ पासून तीन वर्षे असेच बंद होते. त्या तीन वर्षांत वाळवीने दोन चौकटी खाल्ल्या, गच्चीवरची टाकी तडकली, आणि शेजाऱ्यांनी दोनदा दूरध्वनी करून पावसाचे पाणी जिन्यातून वाहत असल्याचे कळविले. बंद घर सुरक्षित असते हा माझा समज चुकीचा ठरला. अखेर २०२२ मध्ये मी घर भाड्याने दिले. त्यापूर्वी जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या चुकांतून शिकलो, ते सहव्यावसायिकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्यापूर्वी रुग्णाने आपला इतिहास नीट लिहून न्यावा, तेवढाच या लेखाचा हेतू आहे.

भीतीचे मूळ

माझी भीती ऐकीव नव्हती. राजवाड्यामागील आमच्या जुन्या वाड्यातील दोन खोल्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, १९६८ साली एका ओळखीच्या कुटुंबास दिल्या. कागद केला नाही. पावती देण्याची पद्धत नव्हती. भाडे हातात येई आणि दादा ते देवघरातील डब्यात ठेवीत. दादा १९८६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी मला दवाखान्यासाठी त्या खोल्यांची गरज भासली आणि आम्ही त्या परत मागितल्या. भाडेकरूंनी नकार दिला. तेव्हा कोणीतरी सल्ला दिला, "भाडे घेऊ नका, घेतले तर त्यांचा हक्क मान्य केल्यासारखे होईल." आम्ही भाडे घेणे बंद केले. ते दरमहा मनीऑर्डर पाठवीत राहिले आणि आम्ही ती दरमहा परत करीत राहिलो.

न्यायालयात त्याच परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या आमच्या विरोधात उभ्या राहिल्या. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ च्या कलम १२ प्रमाणे भाडे थकल्याच्या कारणावरून जागा मागावयाची तर मागणीची नोटीस पोहोचल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने थकबाकी दिलेली अथवा देऊ केलेली नसावी लागते. त्यांनी तर प्रत्येक महिन्यात देऊ केली होती. थकबाकीचा मुद्दा तेथेच निकालात निघाला. उरला स्वतःच्या गरजेचा मुद्दा. त्यावर साक्षी, तारखा आणि पुन्हा तारखा होत १९९८ मध्ये तडजोड झाली. तोवर माझा दवाखाना नऊ वर्षे दुसऱ्याच्या जागेत चालू होता आणि मीही तेथे भाडेकरूच होतो.

याच कायद्यात १९८३ च्या दुरुस्तीने एक वेगळे प्रकरण घातले गेले आहे. विधवा, घटस्फोटित स्त्री, शारीरिकदृष्ट्या अपंग व्यक्ती, शासकीय सेवेतून निवृत्त झालेले कर्मचारी अशा काही घरमालकांना स्वतःच्या गरजेसाठी दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तेथे भाडेकरूस बचाव करण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते. सज्ञान मुलाच्या व्यवसायाची गरजही त्यात मोडते. आई विधवा होती, मी सज्ञान होतो, गरज दवाखान्याची होती. ही वाट आमच्यासाठी उघडी होती हे आम्हाला कळले तेव्हा दाव्याची सहा वर्षे उलटून गेली होती. राज्याच्या आरोग्यसेवेतून निवृत्त झालेले आपले अनेक सभासद आहेत. त्यांनी आपल्या वकिलास हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

अकरा महिन्यांचे गूढ

भाड्याविषयी आपल्या समाजात जेवढे गैरसमज आहेत तेवढे कदाचित मधुमेहाविषयीही नसतील. "अकरा महिने झाले की भाडेकरूचा हक्क लागतो, म्हणून करार अकराच महिन्यांचा करायचा," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. वस्तुस्थिती अशी की, नोंदणी कायदा १९०८ आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ यांनुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीचा खर्च आणि खेपा टाळण्यासाठी लोकांनी मुदत वर्षाच्या आत आणली व अकराचा आकडा रूढ झाला. अकराव्या महिन्यानंतर काही चमत्कार घडत नाही. तसेच, आणि हे अधिक महत्त्वाचे आहे, अकरा महिन्यांच्या कागदामुळे भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आपोआप संपत नाही. मुदत संपली तरी भाडेकरू राहत असेल तर त्याला बाहेर काढण्यासाठी कायद्यात सांगितलेलेच कारण लागते.

दुसरा गैरसमज बारा वर्षांचा. बारा वर्षे राहिला की घर त्याचे झाले, असे म्हणतात. प्रतिकूल ताब्याची बारा वर्षांची मुदत मुदत कायद्यात आहे खरी, पण ती मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो. तो भाडेकरू म्हणून राहत आहे हे सिद्ध करणारा कागद आपल्याजवळ असणे हेच येथे खरे औषध होय. म्हणजे ज्या कागदाला लोक घाबरतात, तोच मालकाचे रक्षण करतो. दादांच्या डब्यात पैशांऐवजी पावतीपुस्तकाची स्थळप्रत असती तर आमच्या घरातील बराच मनस्ताप टळला असता.

आपल्यापैकी अनेकांची एखादी सदनिका पुण्यात वा ठाण्यात आहे. तेथील नियम निराळे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती केली नाही तर शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे निवासासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदतीनंतर न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम द्यावी लागते. पुण्यातील करारनाम्याचा नमुना इंदूरच्या घरासाठी जसाच्या तसा उतरवून घेणारे सभासद मी पाहिले आहेत. एका रुग्णाचे औषध दुसऱ्यास देण्यासारखाच हा प्रकार आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, मुदतीनंतर जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे द्यावे, करार भाडे प्राधिकरणास कळवावा, अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु तो केवळ नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्यावाचून तो लागू होत नाही. म्हणून करार करण्याच्या दिवशी आपल्या गावी कोणता कायदा चालू आहे, ही चौकशी टाळू नये.

दवाखाना आणि घर: दोन कागद

डॉक्टरांच्या घरांची रचना बहुधा एकच असते. खाली दवाखाना, वर निवास, मध्ये एकच जिना आणि एकच विजेचे मीटर. सर्व घर एकाच भाडेकरूस एकाच कागदावर देण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. एक तरुण दंतवैद्य दांपत्य खाली दवाखाना थाटून वर राहावयास तयार होते आणि भाडेही चांगले देत होते.

येथे कलम १२ पुन्हा आडवे येते. निवासासाठी दिलेली जागा मालकास निवासाच्या गरजेसाठी परत मागता येते. अनिवासी उपयोगासाठी दिलेली जागा व्यवसायाच्या गरजेसाठी मागता येते. ही दोन स्वतंत्र कारणे आहेत, आणि दोन्हींत मालकाजवळ त्याच गावात त्या उपयोगाची दुसरी योग्य जागा नसावी अशी अट आहे. एकाच करारात दोन्ही हेतू मिसळले की जागा परत मागताना वकिलांना फार कसरत करावी लागते. माझ्या वकिलीणबाईंनी ठामपणे दोन करार करावयास लावले. तळमजला दवाखान्यासाठी, वरचा मजला राहण्यासाठी, दोन्हींची भाडी वेगळी, अनामत वेगळी, वीज वेगळी. दुसऱ्या मीटरसाठी वीज कंपनीच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. त्या खेपांचे मोल पहिल्याच उन्हाळ्यात कळले, कारण वर दोन वातानुकूलन यंत्रे लागली आणि खाली कोणाशीही वाद झाला नाही.

जुना दवाखाना रिकामा करणे हे निव्वळ साफसफाईचे काम नाही. आपल्या राज्यात दवाखान्यांची नोंदणी १९७३ च्या अधिनियमाखाली होते. ती आपल्या नावे व त्या पत्त्यावर चालू असेल तर नव्या वैद्यकाने पाटी लावण्यापूर्वी ती रीतसर बंद करावी. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या प्राधिकाराचेही तसेच. क्ष-किरण यंत्र असल्यास ते भंगारवाल्यास देता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट कळवावी लागते. सोनोग्राफी यंत्राची नोंद तर १९९४ च्या कायद्याखाली आहे आणि ते कोणास विकावयाचे यावर कडक बंधने आहेत. "राहू द्या डॉक्टरसाहेब, नवे डॉक्टर वापरतील," असे म्हणून यंत्र जागेसह सोडून देणे हा मूर्खपणा ठरेल. रुग्णांच्या नोंदी उपचारास प्रारंभ झाल्यापासून किमान तीन वर्षे जपाव्यात, असे २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत आहे. माझ्या केसपेपरांची चौदा गाठोडी होती. ती भाडेकरूच्या माळ्यावर ठेवू नयेत हे सांगावयास नको, पण मी आधी तेथेच ठेवली होती. दुसऱ्याच्या आजारांची कागदपत्रे तिसऱ्याच्या घरात राहतात हे पत्नीने लक्षात आणून दिल्यावर मी ती उतरवून आणली. जुनी नष्ट केली.

कोणास द्यावे

या बाबतीत आपण डॉक्टर मंडळी विचित्र वागतो. रुग्णाचा इतिहास घेताना आजोबांपर्यंत जातो आणि भाडेकरू 'चांगल्या घरचा वाटला' म्हणून चावी देतो. किंवा उलट टोकास जाऊन जात, आहार आणि भाषा विचारतो आणि नोकरी विचारत नाही. "फक्त मराठी माणसालाच देणार" असा आमच्या गल्लीत एक जुना नेम होता. गमतीची गोष्ट अशी की दादांचे ते भाडेकरू अस्सल मराठी होते, आणि नंतर माझ्या वरच्या मजल्यावर आलेले सिंधी कुटुंब दर महिन्याच्या एक तारखेस सकाळी भाडे जमा करीत असे.

विचारावयाचे ते एवढेच. काम काय, कोठे, किती वर्षे. यापूर्वी कोठे राहत होते, आणि त्या घरमालकाशी बोलता येईल का. किती माणसे राहणार. ओळखपत्राची प्रत, छायाचित्र आणि मूळ गावचा पत्ता घ्यावा, आणि आधीच्या घरमालकास खरोखरच दूरध्वनी करावा. मी केलेल्या अशा एका दूरध्वनीने मला मोठ्या संकटातून वाचविले. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडून गेले, यातच आनंद आहे." भंवरकुआँच्या परिसरात घर असलेल्या सभासदांकडे शिकवणी वर्गांचे विद्यार्थी येतात. तेथे करार पालकांशी करावा आणि कितीजण राहणार ते लिहावे. दोघांना दिलेल्या खोलीत परीक्षेच्या सुमारास सहाजण झोपलेले आढळतात.

इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त प्रणाली आहे. भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश प्रशासन वेळोवेळी काढते आणि ती न दिल्यास गुन्हा घरमालकावर नोंदविला जातो. भाडेकरूचा अपमान होईल म्हणून संकोचू नये. अर्जाची पोच करारासोबत ठेवावी.

कागदात काय असावे

छापील नमुन्यात नावे भरून किरायानामा करणाऱ्यांस मी दोष देत नाही, मात्र त्यात पुढील गोष्टी हाताने का होईना, घालाव्यात. जागेचा उपयोग कशासाठी. भाडे कोणत्या तारखेस व कोणत्या खात्यात. अनामत किती आणि परत केव्हा. वार्षिक वाढ किती. पाणी, विशेषतः आपल्याकडे दिवसाआड येणारे नर्मदेचे पाणी आणि बोअरिंगची मोटर, कोणी व कधी चालवावी. छोटी दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची. पोटभाडेकरू ठेवू नये. सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना. आणि सामानाची यादी.

या यादीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण भांडणे तिच्यावरूनच होतात. 'पंखे ४' असे लिहू नये. कोणत्या खोलीत कोणता पंखा आणि चालू आहे की नाही, ते लिहावे. नळ, आरसे, दारांच्या कड्या, गीझर, चाव्यांची संख्या, भिंतींची स्थिती. भाडेकरूसमवेत घरभर फिरून छायाचित्रे काढावीत आणि यादीवर दोघांनी सही करावी. आपण दाखल करतेवेळी रुग्णाची अवस्था जशी टिपतो तशीच ही नोंद आहे. बाहेर पडताना तुलना कशाशी करावयाची, हे त्यावाचून ठरत नाही.

घर मुलाच्या वा मुलीच्या नावे असून ती परदेशी असतील तर करारावर आपण सही करून भागत नाही. तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र लागते आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक भरावा लागतो. शिवाय मालक अनिवासी असेल तर भाडे लहान असले तरी भाडेकरूस त्यातून कर कापून भरावा लागतो. हे भाडेकरूस आधी सांगावे. निवासी मालकाच्या बाबतीत, दरमहा पन्नास हजारांहून अधिक भाडे देणाऱ्या साध्या भाडेकरूसही करकपात करावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला.

प्राप्तिकराचा हिशेब सोपा आहे. दरमहा वीस हजार म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. त्यातून आपण त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर, समजा आठ हजार, वजा करावा. उरलेल्या दोन लाख बत्तीस हजारांवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. राहिले एक लाख बासष्ट हजार चारशे, तेवढेच करपात्र. रंगरंगोटी किंवा दुरुस्तीसाठी वेगळी वजावट नाही, ती त्या ३० टक्क्यांत आली. मात्र नगर निगमकडे स्वतः राहत असलेल्या घरासाठी मिळणारी मालमत्ता करातील सूट भाड्याने दिलेल्या भागास मिळत नाही. तशी घोषणा स्वतःहून दुरुस्त करावी.

देण्यापूर्वी घराची तपासणी

वायरिंग, अर्थिंग आणि ईएलसीबी एखाद्या जाणत्या वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. गॅसची नळी बदलावी. टाकी धुवावी. गच्चीचा कठडा किती उंच आहे ते मोजावे, कारण आपली मुले त्या गच्चीवर सावधपणे वाढली, येणाऱ्यांच्या मुलांना तिची ओळख नसते. आमचा कठडा गुडघ्याच्या थोडा वर होता. चाळीस वर्षे तो मला दिसला नव्हता. वरचे सिंधी कुटुंब प्रथम घर पाहावयास आले तेव्हा त्यांची चार वर्षांची नात सरळ त्याच्याकडे धावली आणि मी बालरोगतज्ज्ञ असूनही जागच्या जागी थिजलो. आजोबांनी तिला पकडले. पुढील आठवड्यात मी लोखंडी जाळी बसविली आणि मगच करारावर सही केली.

ते कुटुंब बावीस महिने राहून २०२४ मध्ये स्वतःच्या घरी गेले. जाण्याच्या दिवशी आम्ही यादी घेऊन पुन्हा घरभर फिरलो. एका आरशास तडा गेला होता आणि स्वयंपाकघरातील नळ त्यांनी स्वखर्चाने नवा बसविला होता. आरशाचे साडेचारशे रुपये वजा व्हावेत असा त्यांचाच आग्रह होता. नळाची पावती मात्र ते दाखवीनात. शेवटी दोन्ही रकमा एकमेकांत फेडून मी अनामत पूर्ण परत केली. मीटरचा आकडा दोघांनी वाचून यादीच्या मागे लिहिला. नातीने मला विचारले, आता गच्चीची जाळी काढणार का. मी नाही म्हटले. खालचे दंतवैद्य दांपत्य अजून आहे, आणि वरच्या मजल्यासाठी या महिन्यात दोन चौकशा आल्या आहेत. एकीच्या आधीच्या घरमालकास उद्या सकाळी दूरध्वनी करावयाचा आहे.